मामांची बॅट खरी आहे का? 'सामन्यात वापरलेली' या शब्दांची तपासणी



नेट, सेट किंवा पेटची तयारी करताना प्राथमिक स्रोत आणि दुय्यम स्रोत यांतला फरक आपण सगळेच पाठ करतो. पेपरात दोन मार्क मिळतात आणि विषय संपतो. मला तो फरक खऱ्या अर्थानं कळला तो मामांच्या बैठकीत, एका क्रिकेटच्या बॅटसमोर उभं राहिल्यावर. आज त्या बॅटबद्दल आणि मोठ्या खेळाडूंनी सामन्यात वापरलेल्या वस्तू जमवण्याच्या एकूण व्यवहाराबद्दल लिहिते. या व्यवहारावर माझी टीका आहे. पण त्यातल्या काही लोकांनी पुराव्याची जी पद्धत बसवली आहे, ती आपल्यासारख्या संशोधन करू पाहणाऱ्यांनी शिकून घ्यावी अशी आहे. दोन्ही बाजू सांगते.

बैठकीतली काचेची पेटी

माझं आजोळ सिद्धेश्वर. हिंगोली जिल्हा, औंढा नागनाथ तालुका. पूर्णा नदीवरचं सिद्धेश्वर धरण तुम्ही ऐकलं असेल, तेच गाव. इथं क्रिकेट म्हणजे टेनिस बॉल, उन्हाळ्यातल्या टुर्नामेंट आणि फायनलला लाउडस्पीकरवरची कॉमेंट्री. माझे मामा त्यातले जुने ओपनर. एका वर्षी हळदीला भाव बरा मिळाला आणि मामांनी एका विक्रेत्याकडून एका नामांकित फलंदाजाची बॅट घेतली. कितीला घेतली ते मामींना अजून माहीत नाही, म्हणून इथेही लिहीत नाही. खेळाडूचं नावही देत नाही, कारण यात त्याचा काही दोष नाही.

बॅट काचेच्या पेटीत आहे. शेजारी इंग्रजीतलं प्रमाणपत्र, त्यावर चकाकणारं स्टिकर. खाली मामांनी हिंगोलीहून छापून आणलेली पट्टी आहे. तिच्यावर खेळाडूचं नाव, सामना, तारीख, धावा आणि शेवटी 'याच बॅटने'.

गेल्या दिवाळीत गेले तेव्हा मामा जरा गप्पच होते. गल्लीतल्या एका पोरानं पेटीसमोर उभं राहून विचारलं होतं, "कशावरून?" एवढंच. पण ते मामांना लागलं होतं. मला म्हणाले, "तू पीएचडी करतीस ना माय? मग तूच सांग आता. खरी हाय का नाही?"

आता गंमत बघा. मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. माझ्या गाइडनं मला चार वर्षं हाच प्रश्न विचारलाय, "कशावरून?" आणि त्या पोरानं तो पहिल्याच फटक्यात विचारला.

एवढे पैसे कशाचे?

आधी या व्यवहाराचा आवाका समजून घेऊ. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. महेंद्रसिंग धोनीनं नाबाद ९१ धावा केल्या आणि षटकार मारून सामना संपवला. त्याची त्या सामन्यातली बॅट त्याच वर्षी जुलैमध्ये लंडनच्या एका धर्मादाय कार्यक्रमात १ लाख पौंडांना गेली. तशीच नवी बॅट दुकानात किती किमतीला मिळेल याचा अंदाज तुम्हाला आहे. वरचे सगळे पैसे लाकडाचे नाहीत, 'त्या दिवशी ती त्याच्या हातात होती' या एका वाक्याचे आहेत.

हे फक्त क्रिकेटमध्येच नाही. कॅनडात आइस हॉकीचं वेड आपल्या क्रिकेटसारखं. १९७२ साली कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांच्यात आठ सामन्यांची मालिका झाली. २८ सप्टेंबरला मॉस्कोत शेवटचा सामना संपायला ३४ सेकंद उरले असताना पॉल हेंडरसननं विजयी गोल केला. त्या दिवशीची त्याची जर्सी २०१० मध्ये लिलावात १० लाख अमेरिकी डॉलरच्या वर गेली. बेसबॉलमध्ये बेब रुथची १९३२ ची एक जर्सी २००५ मध्ये ९ लाख ४० हजार डॉलरला विकली गेली होती. तीच २०२४ मध्ये २ कोटी ४१ लाख डॉलरला गेली. मधल्या काळात महागाई वाढली, बाजार वाढला, हे खरंच. पण २०२४ च्या विक्रीच्या पाठीशी आणखी एक गोष्ट होती. ती जर्सी नेमक्या त्याच सामन्यातली आहे असं जुन्या छायाचित्रांशी जुळवून सांगणारे तज्ज्ञांचे अहवाल तिच्यासोबत होते.

थोडक्यात, इथं पुरावा हाच माल आहे. आणि जिथं पुराव्याला पैसे मिळतात तिथं पुरावा बनवणारेही येतात. १९९० च्या दशकात अमेरिकेत एफबीआयनं 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोठी मोहीम चालवली. खोट्या सह्यांचे चेंडू, बॅट, फोटो सापडले, आणि सोबत खोटी प्रमाणपत्रंही. टोनी ग्विन या बेसबॉल खेळाडूला तर त्याच्याच संघाच्या दुकानात त्याच्या नावाच्या बनावट सह्या दिसल्या होत्या. म्हणजे प्रमाणपत्र हा पुरावा नाही. ज्या गोष्टीसाठी पुरावा लागतो अशा वस्तूंच्या यादीत प्रमाणपत्रही येतं.

एक दावा नाही, चार दावे आहेत

मामांचा प्रश्न 'खरी का खोटी' असा होता. संशोधनात अशा प्रश्नाला उत्तर नसतं, कारण त्यात एकापेक्षा जास्त दावे एकत्र बांधलेले असतात. पहिलं काम म्हणजे गाठोडं सोडणं. मी वहीत चार ओळी लिहिल्या.

पहिला दावा: ही बॅट त्या खेळाडूसाठी बनवली होती.
दुसरा दावा: ती त्याच्याकडे होती आणि त्यानं ती कधीतरी वापरली, निदान सरावात तरी.
तिसरा दावा: त्यानं ती एखाद्या सामन्यात वापरली.
चौथा दावा: त्यानं ती याच सामन्यात, याच खेळीत वापरली.

वरून खाली येताना किंमत वाढत जाते, आणि प्रत्येक पायरीला वेगळा पुरावा लागतो. सही असली तर ती सहीपुरतीच. सही करायला बॅट वापरावी लागत नाही. चेंडूचे डाग असले तर बॅट कोणीतरी वापरली एवढंच कळतं. वरच्या पायरीचा पुरावा खालच्या पायरीला चालत नाही.

आणखी एक गोष्ट, जी या छंदातले लोक फार कमी वेळा विचारतात: अशा वस्तू एकूण किती होत्या? ऑस्ट्रेलियात कसोटी खेळाडूला मिळालेली हिरवी टोपी साधारणपणे तो कारकीर्दभर वापरतो. त्यामुळे शेन वॉर्ननं २०२० च्या जानेवारीत वणव्याच्या मदतीसाठी आपली टोपी लिलावात काढली, तेव्हा 'ही कोणती टोपी?' असा प्रश्नच आला नाही. ती १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेली. बॅटचं तसं नाही. आजचा फलंदाज दौऱ्यावर बॅगेत पाच-सहा बॅट घेऊन जातो, एका खेळीत दोन बॅट बदलतो, नेटसाठी वेगळी ठेवतो. सारख्याच कंपनीच्या, सारख्याच वजनाच्या, सारख्याच स्टिकरच्या. तेव्हा 'याच बॅटने' हे म्हणणं टोपीच्या बाबतीत सोपं, बॅटच्या बाबतीत फार अवघड. प्रयोगाचा निकाल वाचण्याआधी एकूण नमुने किती होते ते विचारा, असं आपण म्हणतो. तेच इथं.

हॉकीवाल्यांकडून शिकण्यासारखं

मग 'त्याच सामन्यातली' हे सिद्ध कसं करतात? यासाठी जी पद्धत वापरतात तिला फोटो-जुळवणी म्हणू. आइस हॉकीच्या जर्सी जमवणाऱ्यांमध्ये ती खूप वापरली जाते आणि त्याला कारण आहे. हॉकीतली जर्सी एका सामन्यानंतर टाकून देत नाहीत. तोच सेट अनेक सामने वापरतात. रबरी पकचे काळे डाग, स्टिकचे ओरखडे, मैदानाभोवतीच्या कठड्याला घासून पडलेले चट्टे, मारामारीत फाटलेली शिवण आणि सामान सांभाळणाऱ्या माणसानं घातलेले टाके, हे सगळं तिच्यावर साठत जातं. दोन जर्सी कारखान्यातून सारख्या निघाल्या तरी दहा सामन्यांनंतर सारख्या राहत नाहीत. मग सामन्याचे स्पष्ट फोटो घ्यायचे, एकेक टाका आणि डाग जुळवायचा.

या पद्धतीतली खरी हुशारी कुठं आहे ते लक्षात घ्या. काही खुणा काळाबरोबर वाढतात, जसे डाग आणि फाटलेल्या जागा. काही खुणा जन्मापासून असतात आणि बदलत नाहीत, जसं आकडे शिवताना कापडाच्या जाळीवर ते नेमके कुठं बसले. आता समजा, आज जर्सीवर डाग आहे आणि फोटोत नाही. यावरून काहीच ठरत नाही, डाग नंतर पडला असेल. पण फोटोत फाटलेली बाही आहे आणि आज बाही अखंड, टाकाही नाही, तर ती जर्सी ती नव्हे. जन्मखूण जुळत नसेल तरीही ती नव्हे. म्हणजे प्रत्येक खुणेला आधी विचारायचं की तू नसण्यानं काय सिद्ध होतं आणि असण्यानं काय. आपल्यापैकी किती जण आपला डेटा बघण्याआधी हा प्रश्न लिहून ठेवतात?

मॅराडोनाच्या जर्सीचं प्रकरण याचं चांगलं उदाहरण आहे. २२ जून १९८६, मेक्सिको, इंग्लंडविरुद्धचा तो प्रसिद्ध सामना. एक गोल हातानं, दुसरा अर्धं मैदान पार करून. दोन्ही गोल दुसऱ्या सत्रातले. सामन्यानंतर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजनं त्याच्याशी जर्सी बदलली. ती बरीच वर्षं संग्रहालयात होती आणि २०२२ च्या मे महिन्यात ७१ लाख पौंडांना विकली गेली. विक्रीआधी मॅराडोनाच्या मुलीनं सांगितलं की ही पहिल्या सत्रातली जर्सी आहे, गोलवाली नाही. आता हॉज खोटं बोलत नव्हता, त्याला जर्सी मिळाली हे खरंच. पण सामन्यात जर्सी दोन होत्या, हाच मुद्दा. लिलाव करणाऱ्या संस्थेनं फोटो-जुळवणीचा आधार दिला. त्यांच्या मदतीला एक योगायोग होता. उकाड्यामुळे अर्जेंटिनाच्या लोकांनी सामन्याच्या तोंडावर मेक्सिकोतल्याच दुकानातून हलक्या जर्सी आणल्या होत्या आणि त्यांवर चिन्हं, आकडे घाईघाईत लावले होते. घाईतलं काम म्हणजे प्रत्येक जर्सी थोडी वेगळी. कारखान्यातलं नीट काम असतं तर जुळवणी आणखी कठीण गेली असती.

इथं माझी पहिली टीका. फोटो-जुळवणी पद्धत म्हणून चांगली आहे, पण ती करणारा बहुतेक वेळा विकणाऱ्याकडून पैसे घेऊन काम करतो. जुळलं तर अहवाल छापला जातो, किंमत वाढते. जुळलं नाही तर तो अहवाल बाजारात येण्याचं कोणालाच कारण नसतं. आपल्याकडे नकारात्मक निकाल कपाटात राहतात म्हणून आपण ओरडतो. या बाजारात तर कपाटाला कुलूपच आहे.

पुरावा आधी ठरवावा लागतो

ऑपरेशन बुलपेननंतर अमेरिकेच्या बेसबॉल लीगनं २००१ मध्ये स्वतःची व्यवस्था सुरू केली. प्रत्येक सामन्याला एक प्रमाणक हजर असतो. वस्तू मैदानातून बाहेर येताना त्यानं डोळ्यांनी बघितली असेल तरच तो तिच्यावर क्रमांकाचं होलोग्राम लावतो. चेंडू प्रेक्षकांत गेला, नजरेआड झाला, की संपलं. मग कितीही लोक शपथेवर सांगोत. मोठा विक्रम होणार असेल तेव्हा चेंडूंवर आधीच गुप्त खुणा करून ठेवतात.

हे मला फार आवडलं. कारण इथं पुरावा नंतर शोधलेला नाही, आधी आखलेला आहे. आपला प्रबंधही असाच असायला पाहिजे. नमुना गोळा करतानाच वहीत तारीख, जागा, कोणी घेतला, कुठं ठेवला हे लिहिलं तर पाच वर्षांनी उत्तर देता येतं. नंतर आठवून लिहिलेली नोंद म्हणजे नजरेआड गेलेला चेंडू.

आपल्याकडचं उलट उदाहरण वानखेडेचंच. धोनीच्या त्या षटकाराचा चेंडू जिथं पडला तिथं स्मारक करायचं मुंबई क्रिकेट असोसिएशननं ठरवलं ते २०२३ मध्ये, बारा वर्षांनी. उशिरा का होईना, झालं. पण त्या रात्रीच ती खुर्ची नोंदवून ठेवली असती तर काम किती सोपं झालं असतं.

तेरा नाणी

आता कोणी म्हणेल, मग ज्या वस्तूवर खूणच नाही तिचं काय? त्याचंही उत्तर मुंबईतच आहे. रमाकांत आचरेकर सर सरावाच्या वेळी स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. सचिन तेंडुलकर सत्र संपेपर्यंत नाबाद राहिला तर नाणं त्याचं. सचिनकडे अशी तेरा नाणी आहेत, हे त्यानं स्वतः अनेकदा सांगितलंय. त्या नाण्यांची कोणतीही फोटो-जुळवणी होणार नाही. टांकसाळीतून तशी लाखो नाणी निघाली. आज ती किराणा दुकानातल्या गल्ल्यात टाकली तर जगातला कोणताही तज्ज्ञ परत वेगळी काढू शकणार नाही. त्यांचा सगळा पुरावा एकाच गोष्टीत आहे: ती सरांच्या हातून सचिनच्या हातात आली आणि त्याच्या घरातून बाहेर गेली नाहीत. मधे कोणी तिसरा नाही.

हेंडरसनच्या जर्सीचंही काहीसं असंच. त्यानं ती संघाच्या ट्रेनरला दिली होती, म्हणजे पहिला दुवा पक्का. दुवे जितके कमी तितका प्रश्न सोपा. एका हाताची साखळी बऱ्याचदा दहा होलोग्रामपेक्षा भारी पडते.

म्हणूनच पुण्यातल्या सहकारनगरमधल्या 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' या क्रिकेट संग्रहालयाकडे मी वेगळ्या नजरेनं बघते. माजी क्रिकेटपटू रोहन पाटे यांनी ते उभं केलं आणि २०१२ मध्ये सचिनच्या हस्ते त्याचं उद्‌घाटन झालं. खेळाडूंना भेटून, त्यांच्याकडून थेट वस्तू मिळवून केलेला संग्रह ही त्याची ओळख आहे. बाजारातून तिसऱ्या-चौथ्या हाताने घेतलेल्या वस्तूपेक्षा अशी वस्तू पुराव्याच्या दृष्टीनं कितीतरी वर आहे. पण अशा कुठल्याही संग्रहालयात गेलात तर पट्टी वाचून पुढे जाऊ नका. कोणी दिली? कधी दिली? सामन्यानंतर लगेच की वीस वर्षांनी? देताना त्या सामन्याचं नाव खेळाडूनं स्वतः सांगितलं, की आपण अंदाज केला? खेळाडू प्रामाणिक असला तरी आयुष्यात शेकडो बॅट वापरलेल्या माणसाची आठवण चुकू शकते. माझं म्हणणं एवढंच की वस्तूच्या पट्टीवर धावांच्या आकड्याशेजारी पुराव्याचा प्रकारही लिहावा. 'खेळाडूनं स्वतः दिली, तोंडी माहिती', 'फोटोशी जुळवली', 'सही खरी, वापर अनिश्चित'. त्यानं संग्रहाची शान कमी होत नाही. विश्वास वाढतो.

कापून विकलेला पुरावा

या व्यवहारातली मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट आता सांगते. पत्त्यासारखी कार्डं मिळतात, त्यांत खेळाडूच्या जर्सीचा इवलासा तुकडा बसवलेला असतो. एक जर्सी कापायची, शेकडो कार्डं करायची, प्रत्येकाला वाटावं आपल्याकडे थोडासा देव आहे. २००३ मध्ये डॉनरस कंपनीनं बेब रुथची एक जर्सी अडीच लाख डॉलरच्या वर किंमत देऊन घेतली आणि कापली. हॉकीत जॉर्ज व्हेझिना नावाचा गोलरक्षक होऊन गेला. तो १९२६ मध्ये क्षयानं गेला, आजही सर्वोत्तम गोलरक्षकाचा पुरस्कार त्याच्या नावानं देतात. त्याचे म्हणून ओळखले जाणारे पॅडही असेच कार्डांसाठी कापले गेले.

यावर लोक भावनेनं चिडले, ते बरोबरच. पण माझं दुःख रसायनशास्त्रातलं आहे. आमच्याकडे काही चाचण्यांत नमुना नष्ट होतो. म्हणून नियम असा की नमुन्याचा काही भाग राखून ठेवायचा, कारण उद्या चांगलं उपकरण येईल, आज न सुचलेला प्रश्न उद्या सुचेल. जर्सी अखंड असताना टाके, डाग, आकड्यांची जागा यांचं एकमेकांशी नातं असतं, आणि पुरावा त्या नात्यात असतो. दोन सेंटिमीटरच्या पांढऱ्या तुकड्यात कुठलंच नातं उरत नाही. मग उरतो फक्त कार्डामागचा छापील मजकूर. म्हणजे आधी वस्तू प्रमाणपत्राला आधार देत होती, आता प्रमाणपत्रच वस्तूला आधार देतंय. जो दावा पुन्हा कधीच तपासता येणार नाही, तो आपल्या अर्थानं दावाच राहत नाही.

मामांच्या बॅटचं काय झालं?

दिवाळीचे तीन दिवस मी त्या बॅटवर घालवले. काय सापडलं ते क्रमानं सांगते.

बॅटवर लाल चेंडूचे डाग होते. मामांच्या पट्टीवरचा सामना एकदिवसीय, म्हणजे पांढरा चेंडू. मला वाटलं, सापडलं! पण थांबले. नेटमध्ये लाल चेंडू खेळला असेल. आधी म्हटलं तसं, नंतर पडू शकणारी खूण काही खोडून काढत नाही.

मग लाकूड. विलोच्या रेषा माणसाच्या बोटांच्या ठशांसारख्या, प्रत्येक बॅटच्या वेगळ्या. मामांच्या बॅटच्या खांद्याजवळ लाकडातच एक तपकिरी डाग आहे. त्या खेळीचे जेवढे स्वच्छ फोटो मिळाले त्यांतल्या एकात बॅटचा खांदा दिसतो आणि तिथं डाग नाही. ही जन्मखूण. आता तरी ठरलं ना? मी गाइडना फोन केला. त्यांनी दोन प्रश्न विचारले. "बॅट घासून साफ केली असेल आणि आतला डाग नंतर वर आला असेल तर? आणि त्यानं त्या खेळीत बॅट बदलली नव्हती हे तुला कसं माहीत?" दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे चौथा दावा डळमळीत झाला, पण पूर्ण मोडला असंही म्हणता येईना.

शेवटी मी ते केलं जे पहिल्या तासात करायला हवं होतं. प्रमाणपत्र शब्द न शब्द वाचलं. त्यात खेळाडूचं नाव होतं, सहीचा उल्लेख होता, आणि 'खेळाडूने वापरलेली बॅट' असं होतं. सामना नव्हता. तारीख नव्हती. धावा तर नव्हत्याच.

"मामा, हा सामना तुम्हाला कोणी सांगितला?"

"त्या माणसानं. फोनवर."

"नक्की काय म्हणाला?"

मामा बराच वेळ आठवत राहिले. "म्हणला, त्याच सीझनची हाय. त्या सीझनला तर त्यानं तीच एक मोठी इनिंग खेळलीती ना माय."

बघा काय झालं. कागद म्हणाला, वापरलेली. विक्रेता म्हणाला, त्या हंगामातली. मामांनी छापलं, याच बॅटने. तिघांपैकी मामा तर खोटं बोललेच नाहीत, त्यांनी फक्त मनातली रिकामी जागा भरली. आणि मामांना हसण्याआधी आपल्या प्रबंधातलं दुसरं प्रकरण उघडून बघा. मूळ शोधनिबंध म्हणतो, 'असे असू शकते'. आढावा घेणारा लिहितो, 'असे दिसून आले'. आपण लिहितो, 'हे सिद्ध झाले आहे', आणि शेजारी संदर्भाचा क्रमांक, तोही मूळ निबंधाचा, जो आपण उघडलेलाच नाही. क्रमांक हे आपलं चकाकणारं स्टिकर. माझ्या स्वतःच्या आढाव्यात अशी दोन वाक्यं मला त्या दिवाळीनंतर सापडली. दोन्ही बदलली. एका वाक्यावर तर माझं अख्खं गृहीतक उभं होतं, ते परत मांडायला दीड महिना गेला.

मामांना मी चार दाव्यांचा कागद दाखवला. पहिल्याबद्दल आणि सहीबद्दल मला सांगता येणार नाही, त्याचा जाणकार वेगळा. बॅट खरोखर वापरलेली आहे, हे नक्की. कोणी, ते कागदावरच्या शब्दावर. आणि तो सामना, त्याला आज आधार नाही.

मामा काही बोलले नाहीत. जेवायलाही जरा उशिरानं आले. मला वाटलं, कशाला सांगितलं आपण! हळदीचे पैसे होते, हौस होती, गावात नाव होतं. पण सकाळी उठून बघते तर पेटीखालची पट्टी काढलेली. जागेवर वहीचा कागद, मामांच्या अक्षरात: 'बॅट. वापरलेली. सही आहे. सामना माहीत नाही.' आणि खाली, मी न सांगता, 'विकत घेतली' आणि तारीख.

मामा म्हणाले, "आता त्या पोराला बोलव. म्हणावं, इचार काय इचारायचं ते."

तर मित्रांनो, या आठवड्यात एक काम करा. तुमच्या आराखड्यातली, नाहीतर एखाद्या छापील निबंधातली पाच संदर्भांसहितची वाक्यं निवडा. प्रत्येकाचा मूळ निबंध उघडा आणि शेजारी लिहा की मूळ लेखकानं नेमकं काय म्हटलं होतं. पाचपैकी किती पट्ट्या बदलाव्या लागल्या ते मोजा. मुलाखतीला जाताना तो आकडा खिशात असू द्या. कशावरून, हे तिथं कोणी ना कोणी विचारणारच.